कपाटातले जुने कॅमेरे वीरगळ मोजू शकतात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातल्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची), शिलालेखांची आणि सुट्या मूर्तींची दुरवस्था हा विषय वृत्तपत्रांत अधूनमधून येतो. फोटो छापला जातो, संबंधितांनी लक्ष घालावे असे शेवटी लिहिलेले असते आणि दगड पाराकडेला तसाच राहतो. त्याची राखण कोणी करायची हा वाद चालू राहील. पण तोवर त्या दगडाचे बिनचूक त्रिमितीय मोजमाप घेऊन ठेवणे आज, आहे त्या साधनांत होऊ शकते. त्याला महागडा लेझर स्कॅनर लागत नाही. मोबाइलचे कॅमेरे सुधारण्याआधी घरोघरी असलेले आणि आता कपाटात पडून राहिलेले छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरे पाच एकत्र जोडले तर पुरतात. ते कसे जोडायचे आणि काम कुठे फसते, हे नीट कळावे म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण अर्धवट माहितीवर केलेले मोजमाप पुढे कोणालाच उपयोगी पडत नाही.

पद्धतीचे नाव फोटोग्रॅमेट्री. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले, एकमेकांवर भरपूर चढलेले फोटो संगणकाला दिले की तो प्रत्येक फोटोतल्या ठळक खुणा जुळवतो, त्यावरून प्रत्येक फोटो कुठून घेतला ते काढतो आणि मग पृष्ठभागावरच्या लाखो बिंदूंच्या जागा ठरवतो. एकच दगड असेल तर एकच कॅमेरा हातात घेऊन सभोवार फिरले तरी भागते, हे आधीच सांगितलेले बरे. अनेक कॅमेऱ्यांची गरज तीन ठिकाणी पडते. पहिली, दगड पुष्कळ आणि माणसे थोडी असतात तेव्हा. दुसरी, वेळ हाताशी नसतो तेव्हा: अरुंद गाभाऱ्यात दोन आरत्यांच्या मधल्या वेळात काम उरकायचे असते, किंवा उजनी धरणाचे पाणी उतरल्यावर पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडते तसे, पाणी पुन्हा चढायच्या आत सगळे आटोपायचे असते. तिसरी, वस्तू हलती असते, म्हणजे माणूस किंवा जनावर. या तिसऱ्या प्रकाराचे गणित निराळे आहे, त्याकडे शेवटी येऊ.

कॅमेरे एकाच मॉडेलचे हवेत. वेगवेगळ्या मॉडेलांचे पाच घेतले तर बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा उशीर प्रत्येकाचा वेगळा, बॅटरी वेगळी, केबल वेगळी, आणि एक बिघडला तर त्याच्या जागी लावायला दुसरा नाही. म्हणून पाच लागत असतील तर सात घ्यावेत. कॅननचे पॉवरशॉट ए मालिकेतले किंवा इक्सस मालिकेतले कॅमेरे या कामाला सोयीचे, कारण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांवर सीएचडीके, म्हणजे कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालते. ते स्वयंसेवकांनी बनवले आहे, कंपनीचे नाही. ते मेमरी कार्डावरून चालते, कॅमेऱ्याच्या आतले मूळ फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर, पुसत नाही आणि कार्ड काढले की कॅमेरा पूर्ववत होतो. ए मालिकेतल्या अनेक मॉडेलांना साधे एए सेल लागतात, हा खेड्यात फिरताना मोठाच फायदा.

जुना कॅमेरा घेताना तो सुरू होतो एवढे पाहून चालत नाही. सेलच्या झाकणाची खिटी तुटलेली आहे का ते पाहावे, या कॅमेऱ्यांत आधी जाते ती तीच. सेल आतच ठेवून वर्षानुवर्षे पडलेल्या कॅमेऱ्यात क्षार बाहेर येऊन पत्र्या हिरव्या झालेल्या असतात. थोडे असेल तर ब्रश आणि व्हिनेगरने निघते, सर्किटपर्यंत गेले असेल तर कॅमेरा परत करावा. लेन्सची नळी बाहेर येताना करकरते किंवा अडखळते का, हे चार-पाच वेळा बंद-चालू करून ऐकावे. यूएसबीचे तोंड सैल नसावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र आपल्या दैनिकाच्या एका पानावर होते. बारीक मजकुराचे, जाहिराती नसलेले पान सपाट भिंतीवर चारही कडांनी चिकटवावे. कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, पान चौकटीत पूर्ण भरेल एवढ्या अंतरावर, स्टँडवर लावावा आणि सेल्फ टायमरने फोटो घ्यावा. संगणकावर फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे एकमेकांशी ताडून पाहावीत. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ दिसत असतील तर चिंता नाही, स्वस्त लेन्स अशीच असते. एका बाजूचे कोपरे वाचता येतात आणि समोरच्या बाजूचे पुसट आहेत, असे असेल तर लेन्स आतून कललेली आहे. कॅमेरा कधीतरी पडलेला असतो. असा कॅमेरा घरगुती फोटोला चालेल, मोजणीला नाही, कारण संगणक लेन्सचा जो दोष गृहीत धरून दुरुस्त करतो तो मुख्यतः मध्यापासून सगळीकडे सारखा वाढत जाणारा असतो. तिरपेपणाची दुरुस्ती थोडीबहुत होते, पण कोपऱ्यात हरवलेली अक्षरे कोणतेही गणित परत आणत नाही.

आता थोडे आकडे, कारण अंतर आणि जागा यांवरूनच ठरतात. या कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ६.१७ × ४.५५ मिमी असतो. १६ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४६०८ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.००१३४ मिमीचा. झूम पूर्ण मागे असताना लेन्सची फोकल लांबी ५ मिमीच्या आसपास असते. दगडापासून १.५ मीटरवर उभे राहिलो तर एका फोटोत सुमारे १.८५ × १.३७ मीटर जागा मावते आणि एक पिक्सेल दगडावर ०.४ मिमी भरतो. प्रत्यक्षात हाती लागणारा बारकावा दोन-तीन पिक्सेलचा, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. वीरगळावरचे घोडेस्वार, अप्सरा, वरचा कलश टिपायला हे पुरते. शिलालेखाला पुरत नाही. झिजलेल्या अक्षराची खोली एखाद-दोन मिलिमीटरच उरलेली असते, म्हणून तिथे ६० सेंमीपर्यंत जवळ जावे. मग पिक्सेल ०.१६ मिमीचा होतो आणि एका फोटोत ७४ × ५५ सेंमी जागा येते.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत मोडतो. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. अशा लेखाचा नुसता समोरून काढलेला फोटो आणि ६० सेंमीवरून केलेले त्रिमितीय मॉडेल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मॉडेलवरचा दगडाचा रंग काढून टाकता येतो, एका कडेने तिरपा प्रकाश टाकता येतो आणि डाग कुठला व छिन्नीचा घाव कुठला हे वेगळे होते. त्याच ठिकाणचे ३५९ मुखांचे म्हणून ओळखले जाणारे शिवलिंग हे याहून अवघड काम आहे. लहान लहान मुखांच्या मधल्या खाचा समोरून दिसतच नाहीत, म्हणून तिथे प्रत्येक पट्ट्याचे वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी असे फोटो लागतात. कमी फोटोंत भागवले तर खाचांच्या जागी संगणक स्वतःच्या मनाने गुळगुळीत पडदा ओढतो आणि पाहणाऱ्याला तो खराच वाटतो.

वीरगळासाठी सांगाडा असा. खिडक्या बसवणाऱ्यांकडे मिळते ती चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पट्टी, २५ मिमीची, दीड मीटर लांब. तिच्यावर दर ३० सेंमीवर एक असे पाच कॅमेरे. कॅमेऱ्याच्या बुडाच्या आट्याला पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला बोल्ट लागतो, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. बोल्ट कॅमेऱ्यात चार मिलिमीटरच्या वर जाऊ नये, पुढे रेटला तर आतले प्लास्टिक फुटते. म्हणून वॉशर घालून लांबी आधी मोजून घ्यावी आणि मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा द्यावा, म्हणजे कॅमेरा गरकन फिरत नाही. पट्टी उभी धरायची. कॅमेरे आडवेच राहतात, उभ्या दिशेला प्रत्येक फोटो १.३७ मीटर व्यापतो आणि पुढचा कॅमेरा फक्त ३० सेंमी वर असतो, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत ७८ टक्के भाग सामाईक येतो. साठ टक्क्यांच्या खाली गेले की जुळणी तुटायला लागते.

पाचही कॅमेरे एकमेकांना समांतर लावण्याचा मोह टाळावा. दिसायला ते नीटनेटके दिसते, पण सगळे फोटो समांतर असले की लेन्सच्या गोलाईचा दोष आणि वस्तूची खरी गोलाई यांत संगणकाची गल्लत होते आणि सपाट दगड मॉडेलमध्ये परातीसारखा किंचित वाकलेला निघतो. गंमत म्हणजे आकडेवारीत चूक अगदी कमी दाखवली जाते, त्यामुळे ते लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: वरचे दोन कॅमेरे दहा-पंधरा अंश खाली झुकवावेत, खालचे दोन तेवढेच वर. शिवाय काम संपताना पट्टी आडवी धरून तीन-चार जागांवरून फोटो घ्यावेत. लेन्सचे माप काढायला हे फिरवलेले फोटो फार मदत करतात.

सुट्या उभ्या वीरगळाभोवती दोरीने वर्तुळ आखावे, दगडापासून दीड मीटरवर. दोरीवर साधारण ४५ सेंमीवर गाठी, अशा चोवीस जागा होतात. प्रत्येक जागी पट्टी टेकवायची, हलायची थांबली की बटण दाबायचे, पुढच्या गाठीवर जायचे. दोन जागांमधला कोन पंधरा अंशांचा राहतो. एकूण १२० फोटो, पंधरा मिनिटांच्या आतले काम. दगड भिंतीत चिणलेला असेल तर वर्तुळाऐवजी समोरून ३५ सेंमीच्या पावलांनी सरळ रेषेत आणि मग दोन्ही टोकांकडून तिरपे.

पाच कॅमेरे एका बटणावर आणण्यासाठी सीएचडीकेमध्ये यूएसबी रिमोटची सोय आहे. कॅमेऱ्याच्या यूएसबी तोंडाला ५ व्होल्ट दिले की तो फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) ठरवून सज्ज होतो आणि व्होल्टेज काढले की फोटो घेतो. त्यासाठी संगणक लागत नाही. पाच मिनी यूएसबी केबली घ्याव्यात, लाल तारा एकत्र, काळ्या तारा एकत्र, मधे एक दाबबटण. हिरव्या आणि पांढऱ्या तारा कापून वेगवेगळ्या टेप कराव्यात. त्या जोडलेल्या राहिल्या आणि चुकून संगणकाला लागल्या तर कॅमेरा फोटो पाठवण्याच्या अवस्थेत जातो आणि लेन्स आत घेतो. वीज पॉवर बँकेतून घेणाऱ्यांना एक अडचण हमखास येते: कॅमेरे या तारेतून इतका थोडा प्रवाह ओढतात की पॉवर बँकेला काही जोडलेलेच नाही असे वाटून ती अर्ध्या मिनिटात झोपी जाते. मग बटण दाबून काहीच होत नाही आणि दोष कॅमेऱ्यांवर येतो. बटणाच्या अलीकडे, थेट पॉवर बँकेवर, ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर लावला की सुमारे १०० मिलिअँपिअर सतत वाहतात आणि बहुतेक पॉवर बँका जाग्या राहतात. रेझिस्टर गरम होतो, त्याला प्लास्टिक टेकू देऊ नये. नाहीतर चार रिचार्जेबल एए सेल ओळीने जोडावेत, ४.८ व्होल्टवर काम भागते.

सीएचडीके कार्डावर चढवताना मॉडेलबरोबर फर्मवेअरची आवृत्तीही जुळावी लागते, त्याच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांत ती वेगळी असू शकते. कॅमेऱ्याने काढलेला एखादा मूळ फोटो तपासून आवृत्ती सांगणारे मदतीचे साधन त्यांच्याकडेच मिळते. फाइली टाकून झाल्या की कार्डाची बारीक कळ लॉककडे सरकवायची. सामान्यतः लॉक केलेल्या कार्डावर फोटो साठत नाही, पण सीएचडीके त्या कळीचा उपयोग आपोआप सुरू होण्यासाठी करते आणि फोटो व्यवस्थित साठतात. जुन्या मॉडेलांत मोठ्या क्षमतेच्या कार्डावरून ते आपोआप सुरू होत नाही, तिथे ४ जीबीचे किंवा त्याहून लहान कार्ड वापरावे. मेनूत रिमोट चालू करायला विसरू नये.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे. झूम पूर्ण मागे, आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. डिजिटल झूम बंद. इमेज स्टॅबिलायझेशन बंद, कारण ते लेन्सचा एक भाग सरकवते आणि प्रत्येक फोटोचा मध्य वेगळ्या जागी पडतो. फोटो आपोआप फिरवणे बंद. फ्लॅश बंद, कारण प्रकाश कॅमेऱ्याबरोबर फिरला की सावल्याही फिरतात आणि जुळणी बिघडते. व्हाइट बॅलन्स एकाच ठिकाणी बांधलेला, आयएसओ ८० किंवा १००. फोकस १.५ मीटरवर कुलूपबंद. या छोट्या लेन्सला झूम मागे असताना साधारण १.२ ते २ मीटरपर्यंतचे सगळे अगदी पिक्सेलच्या पातळीवर स्पष्ट दिसते, त्यामुळे दगडाच्या उंचसखलपणाची अडचण होत नाही. ६० सेंमीवर मात्र हा पट्टा जेमतेम १२ सेंमीचा उरतो, तिथे अंतर काठीने मोजूनच उभे राहावे. आपोआप बंद होण्याची वेळ शक्य तेवढी लांबवावी.

शेवटची गोष्ट साधी वाटते, पण अनेकांचे काम तिथेच बिघडते. कॉम्पॅक्ट कॅमेरा बंद झाला की लेन्स आत जाते, चालू केला की बाहेर येते, आणि दर वेळी अगदी त्याच जागी बसत नाही. फरक मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाचा असतो, तरी पिक्सेलच्या हिशोबात तो दिसतो. म्हणून एका दगडाचे सगळे फोटो होईपर्यंत कॅमेरे बंद करू नयेत. मधेच एखादा बंद पडलाच तर त्याचे पुढचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि संगणकाला तो नवा कॅमेरा म्हणूनच सांगावा.

हेच तत्त्व पाचही कॅमेऱ्यांना लागू. पाचांचे मॉडेल एकच असल्याने फोटोंसोबत साठलेली माहिती पाहून बरीच सॉफ्टवेअर्स समजतात की सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत आणि सर्वांवर एकच लेन्स-माप लादतात. प्रत्यक्षात पाच लेन्स पाच प्रकारच्या असतात. कॅमेऱ्यागणिक फोल्डर करणे आणि फोल्डरगणिक वेगळे माप काढायला सांगणे हा उपाय. कोलमॅप या विनामूल्य फोटोग्रॅमेट्री सॉफ्टवेअरमध्ये ही सोय थेट आहे. मेशरूम, फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचे मिकमॅक आणि ओपनड्रोनमॅप हीदेखील विनामूल्य आहेत. कोलमॅप आणि मेशरूमला दाट बिंदू काढण्याच्या टप्प्यावर एनव्हीडियाचे ग्राफिक कार्ड लागते, हे संगणक निवडताना ध्यानात असू द्यावे. फाइलींची नावे पाचही कॅमेऱ्यांत सारखीच पडतात, तेव्हा कॅमेऱ्यांना १ ते ५ आकडे चिकटवून दर दगडाच्या सुरुवातीला तो आकडा आणि गावाचे नाव लिहिलेल्या पाटीचा फोटो घ्यावा. दर आठ-दहा फोटोंनी पाचही पडद्यांवरचा फोटो-क्रमांक ताडून पाहावा. एक मागे असेल तर त्याने एक फोटो गाळला आहे. बहुतेक वेळा सेल उतरलेले असतात.

मोजमापाला माप लागते. नुसत्या फोटोंवरून बनलेल्या मॉडेलला आकार असतो, लांबी-रुंदी नसते. पट्टीवरचे कॅमेऱ्यांमधले ३० सेंमी हेच माप धरावे असे सुचते, पण ते करू नये. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सात आणि दुपारी एक यांत धातूच्या तापमानात वीस अंशांचा फरक सहज पडतो आणि दीड मीटर अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यात सुमारे ०.७ मिमी लांबते. शिवाय कॅमेऱ्याचा मोजणीचा बिंदू बोल्टच्या जागी नसतो, लेन्सच्या आत असतो. त्यापेक्षा साइनबोर्डवाल्यांकडून एसीपी शीटच्या (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या फलकाच्या) अर्ध्या मीटरच्या पट्ट्या कापून घ्याव्यात, दोन्ही टोकांना छापील खुणा घट्ट चिकटवाव्यात आणि दोन खुणांमधले अंतर पोलादी पट्टीने किंवा मोठ्या व्हर्नियरने मोजून त्यावरच लिहून ठेवावे. नुसता कागद वापरू नये, तो दमट हवेत फुगतो. अशा किमान तीन पट्ट्या दगडाच्या पायाशी आणि बाजूला वेगवेगळ्या दिशांनी ठेवाव्यात. दोन पट्ट्यांवरून माप द्यावे, तिसरी फक्त तपासायला राखावी. ५०० मिमीची तिसरी पट्टी मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली तर काम चांगले झाले. ही तपासणी नसेल तर मॉडेल कितीही देखणे असो, ते मोजमाप नव्हे.

उन्हाचे म्हणाल तर सकाळी लवकर किंवा आभाळ आलेले असताना काम करावे. आपला दगड काळा बेसॉल्ट, मागे पांढरे आकाश, त्यामुळे आपोआप एक्स्पोजरवर सोडले तर दगड कोळशासारखा येतो आणि काळ्या भागात जुळवायला खूणच उरत नाही. एक्स्पोजर दगडावर धरून बांधावे, आकाश जळाले तरी चालेल. ऊन टाळता येत नसेल तर मंडपवाल्याचे पांढरे कापड दोन बांबूंवर ताणून सावली धरावी. तेल-शेंदूर चढलेल्या दगडावर चकाकी येते, चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि मॉडेलमध्ये तिथे भोके पडतात. त्यावर सावली आणि जास्त फोटो एवढेच उपाय आहेत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी किंवा तेल चोळण्याची सवय अनेकांना आहे. कृपया तसे करू नये. या पद्धतीला त्याची काडीचीही गरज नाही आणि दगडाचे मात्र कायमचे नुकसान होते.

आता हलत्या वस्तूंबद्दल. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, तेव्हा चारी बाजूंनी कॅमेरे लावून माणसाची मापे घ्यावीत ही कल्पना कोणाच्याही मनात येईल. ती शक्य आहे, पण सुरुवात तिथून करू नये. आठ खांबांवर पाच-पाच कॅमेरे लावले तर चाळीस होतात आणि तरीही दोन खांबांत ४५ अंशांचा कोन राहतो. पंचवीस-तीस अंशांच्या पुढे संगणकाला एकच खूण दोन्ही फोटोंत ओळखता येत नाही. पूर्ण माणसासाठी पंधरा अंशांनी चोवीस खांब आणि प्रत्येकावर तीन, असे बहात्तर कॅमेरे धरावे लागतात. चाळिसांच्या भरवशावर बसलेला माणूस पैसे घालवून बसतो. नुसते पाऊल किंवा चेहरा असेल तर बारा ते सोळांत भागते. साधा एकरंगी कपडा तर संगणकाला दिसतच नाही, त्यावर प्रोजेक्टरने ठिपके टाकावे लागतात. पायाखाली आणि मागे नक्षीदार चादर अंथरावी असे वाटते, पण चादरीची वेलबुट्टी ठरावीक अंतराने पुन्हा येते आणि संगणक एका फुलाला दुसरे फूल समजून जुळवतो. तिथे वर्तमानपत्राची पाने चिकटवावीत, कारण त्यांत कोणतेही दोन चौरस इंच सारखे नसतात.

हलत्या वस्तूला सर्व कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो घेणे भाग असते. माणूस कितीही ताठ उभा राहिला तरी काही सेकंदांत काही मिलिमीटर झुलतोच. यूएसबी रिमोटने एकाच मॉडेलच्या कॅमेऱ्यांमधला फरक मिलिसेकंदांत मोजण्याइतका खाली येतो, पण त्याहून स्वस्त आणि खात्रीची युक्ती आहे. खोली पूर्ण अंधारी करावी, सर्व कॅमेऱ्यांचे शटर एक सेकंद उघडे ठेवावे आणि त्या सेकंदात एकदाच एक मोठा फ्लॅश छताकडे तोंड करून उडवावा. फोटो फ्लॅशचा असतो, शटरचा नव्हे, त्यामुळे कॅमेरे थोडे मागेपुढे उघडले तरी फरक पडत नाही. खोली पुरेशी अंधारी आहे का हे फ्लॅश न उडवता एक फोटो घेऊन पाहावे, तो काळा यायला हवा. शटर एका सेकंदाच्या फार पुढे नेऊ नये, सव्वा सेकंदाच्या पुढे कॅननचे हे कॅमेरे प्रत्येक फोटोनंतर त्यातले रंगीत दाणे (नॉइज) कमी करण्यासाठी आणखी एक काळा फोटो घेत बसतात आणि तेवढा वेळ अडकून राहतात.

मोबाइलच का नको, असे विचारले जाते. एका माणसाने एक दगड टिपायचा असेल तर फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करून मोबाइलही चालतो. पण मोबाइल एका फोटोच्या नावाखाली अनेक फोटो मिसळतो, आपल्या मनाने कडा धारदार करतो, फोटो ओळीओळीने वाचतो त्यामुळे हलताना आकार तिरपा होतो, आणि पाच मोबाइल एका बटणावर आणणे फार कटकटीचे. कॉम्पॅक्टमध्ये फोटोच्या वेळी यांत्रिक शटर बंद होते, तो दोष येत नाही.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. तालुक्याला एक पाच-कॅमेरी पट्टी, तीन मापपट्ट्या आणि एक बरा संगणक, एवढे महाविद्यालये आणि इतिहासप्रेमी मंडळे मिळून उभे करू शकतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने फोटो साठवण्याची एक ठरलेली पद्धत आणि जागा दिली तर वेगवेगळ्या गावचे काम एकत्र ताडून पाहता येईल. साठवायचे ते मूळ फोटो, केवळ मॉडेल नव्हे. सॉफ्टवेअर सुधारत जाते, त्याच फोटोंतून पाच वर्षांनी अधिक चांगले मॉडेल निघते. १२० फोटोंना ६०० एमबीच्या आसपास जागा लागते, तीन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवणे अवघड नाही. सोबत गाव, दगडाची सध्याची जागा, तारीख, मापपट्ट्यांची अंतरे आणि कोणता कॅमेरा कोणत्या फोल्डरचा, हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे. सुट्या मूर्तीचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र उघड प्रसिद्ध करू नयेत, अभ्यासकांपुरते राखावेत. उचलून नेण्याजोग्या मूर्तीचा पत्ता जगाला देणे धोक्याचे आहे.

परवानगीचे काम आधी उरकावे. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांत स्टँड किंवा असा सांगाडा आत नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी अर्ज करावा, राज्य संरक्षित ठिकाणी राज्य पुरातत्त्व विभागाकडे. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांसारख्या नित्य पूजेतल्या स्थानांवर पुजारी आणि विश्वस्तांना वेळ विचारून, फुले-पत्री त्यांच्याच हातून उतरवून घेऊन काम करावे. मापपट्ट्या लिंगाला किंवा मूर्तीला टेकवायच्या नसतात, शेजारी जमिनीवर ठेवल्या तरी गणित तितकेच बरोबर येते, हे त्यांना आधीच दाखवले की परवानगी सहसा मिळते.

आपले नम्र,
छायाचित्रण व मोजणीचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर